रिसेट केला, चालला

सकाळी 6:45. भोसरी एमआयडीसीत आमची पहिली पाळी 7 ला सुरू होते, पण मेंटेनन्सच्या माणसाला थोडं आधीच यावं लागतं. तिसऱ्या पाळीचा इलेक्ट्रिशियन जांभई देत रजिस्टर पुढे सरकवतो. लिहिलेलं वाचायचं आणि न लिहिलेलं विचारून घ्यायचं. 'तीन नंबर गँट्री लोडर दोनदा थांबला. रिसेट केला, चालला.' या नोंदीवर माझा जुना राग आहे. मशीन का थांबलं ते कुणी बघितलेलंच नसतं.

7:15. सबस्टेशनची फेरी. महावितरणचा 22 केव्ही पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून 433 व्होल्ट होऊन शॉपमध्ये जातो. तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान लिहायचं, ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी पडली ते बघायचं. मग कपॅसिटरचं पॅनल. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की फटका थेट बिलात. एरवी आमच्याकडे न फिरकणारे अकाउंट्सचे साहेब त्या महिन्यात स्वतः फोन करतात.

8:30. चहा, आणि चहानंतर पॅनल एसीच्या जाळ्या. हवेतलं कूलंट आणि धूळ मिळून त्यांच्यावर तेलकट थर बसतो, पॅनल तापतं आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते आधी उरकतो.

10:20. फोन. "लाइटचा प्रॉब्लेम आहे." शॉपमध्ये काहीही बंद पडलं तरी तो लाइटचाच प्रॉब्लेम असतो. तोच तीन नंबरचा लोडर. स्क्रीनवर अलार्म: ग्रिपर क्लॅम्प झाल्याचा सिग्नल नाही. लाइन उभी, सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय. "भाऊ, तेवढा जंपर मार. जेवणाच्या सुट्टीत निवांत बघ."

जंपर म्हणजे वायरचा एक तुकडा टाकून पीएलसीला कायमचं सांगायचं, ग्रिपरने जॉब धरलाय. मग एखाद्या वेळी त्याने धरला नाही, तरी लोडर हलणार आणि बिडाचं कास्टिंग वरून खाली येणार. खाली हेल्पर ट्रॉली ओढत असतो. मी नाही म्हणालो. सुपरवायझर रागावला, ते मला समजतं. तासाचं टार्गेट त्याच्या डोक्यावर, माझ्या नाही.

सेन्सरचा दिवा लागतोय, 24 व्होल्ट बरोबर, पीएलसीचा इनपुटही लागतोय. हाताने बघावं तर सगळं ठीक. ऑपरेटरला विचारलं, थांबतो कुठे? "पलीकडच्या टोकाला गेला की." यंत्राचा आवाज दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला आधी विचारावं, मीटर नंतर काढावा. लोडर हळूहळू जॉग करायला लावला आणि अप्रेंटिसला इनपुटच्या दिव्यासमोर उभं केलं. पलीकडच्या टोकाशी केबलची चेन वळली आणि तो ओरडला, "गेला!"

ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, टॅग अडकवला. जुने लोक फ्यूज काढून खिशात ठेवायचे, उद्देश तोच. केबल चेन उघडली. बाहेरून केबल नवीकोरी. दोन बोटांत धरून सरकवत गेलो, तर एका ठिकाणी ती पायजम्याच्या नाडीसारखी लुळी पडली. आतलं तांबं तुटलेलं. टोकं बहुतेक वेळ एकमेकांना टेकून राहायची, वळणावर सुटायची. चेनमध्ये सतत वाकणारी लवचिक केबल लागते. इथे कुणीतरी साधी ओढली होती. स्वस्त पडली असणार.

12:05. लाइन सुरू. सुपरवायझर काही बोलला नाही, पण चहा पाठवला.

1:30. कूलंट पंपाचा ओव्हरलोड रिले उडतोय. इथेही सल्ला तयार: सेटिंग वाढव. टाँग टेस्टर लावला. आर, वाय, बी तिन्ही फेजवर करंट सारखा, पण जास्त. एकच फेज गेला असता तर काँटॅक्टर उघडून बघितला असता. हा पंपच जड फिरतोय. फिटरने इम्पेलरमधून मूठभर बर काढली, आणि 'हे इलेक्ट्रिकलच होतं' असं वर म्हणालाही.

2:15. अप्रेंटिस आयटीआयचा, हात चलाख. ड्राइव्हचा सप्लाय बंद करून लगेच स्क्रूड्रायव्हर पुढे करतो. थांबवलं. आतल्या कपॅसिटरवर साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट काही मिनिटं टिकतात. झाकणावर लिहिलेली वेळ जाऊ दे, मग मीटर लाव, मग हात. तोंडी सांगून भागत नाही, त्याच्याकडून व्होल्टेज उतरताना मोजून घेतलं.

3:15. रजिस्टर. तुटलेली जागा चेनच्या कितव्या कडीजवळ, तात्पुरती कोणती केबल टाकली, सगळं लिहिलं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, तेव्हा चारही लोडरच्या चेन उघडायच्या आहेत. दुसऱ्या पाळीचा विचारतो, "स्टोअरमध्ये चेनची केबल आहे?" एका लोडरपुरती आहे. बाकीची मागणी खरेदी विभागात पडून आहे, आज पुन्हा पाठवली.