सोन्याचे इंजेक्शन केव्हा?

"डॉक्टरसाहेब, सीटी स्कॅनला सोन्याचे इंजेक्शन निघाले म्हणे?" संभाजीनगरला तपासणीसाठी निघालेल्या एका मधुमेही काकांनी सोयगावच्या माझ्या दवाखान्यात विचारले.

क्ष-किरण हाडात अडतात, रक्तवाहिन्यांतून आरपार जातात. त्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. आयोडीनचा अणुक्रमांक 53, सोन्याचा 79. म्हणून सोने क्ष-किरण जास्त अडवते. 2006 साली अमेरिकेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण उंदरांना टोचून स्पष्ट चित्रे मिळवली गेली. माणसांच्या नेहमीच्या तपासणीत मात्र ते अजून आलेले नाहीत.

तोवर आयोडीनच आहे. त्याआधी मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वीची ॲलर्जी लपवू नका. काकांचे क्रिएटिनीन तपासले, वाढलेले निघाले. तो रिपोर्ट सोबत दिला. तुम्हीही न्या.