माणसे का उठतात? (लेखांक ७) : दहीहंड्याचे खारे पाणी

गुस्ताव ल बाँच्या समूहमनाचा विचार या आठवड्यात पुढे ढकलीत आहे, कारण अकोटच्या एका वाचकाचे पत्र आले आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे मला जमत नाही. ते विचारतात, नुसत्या गाऱ्हाण्याने माणूस कायदा मोडावयास निघत नाही हे मान्य. मग समुद्रापासून इतक्या दूरच्या आमच्या मुलखात १९३० च्या एप्रिलात मिठासाठी तुरुंगाची वाट धरणारी माणसे आली कोठून?

अर्धे उत्तर जमिनीतच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी पिण्यास नकोसे आणि ओलितास निरुपयोगी. अकोल्याजवळच्या दहीहंड्यास सत्याग्रह्यांनी असलेच पाणी आटवून मीठ केले व सरकारी मज्जाव उघडपणे मोडला. ज्याच्या दारची विहीरच खारी, त्याने मिठावर कर भरावा, ही विसंगती समजण्यास व्याख्यानाची गरज नव्हती. पण ती तर पट्ट्यातल्या गावोगाव ठाऊक होती. निघाले ते थोडेच.

अशा वेळी आपण सगळे श्रेय वक्तृत्वाला देऊन मोकळे होतो. अमरावतीचे वीर वामनराव जोशी नाटककार आणि नाणावलेले वक्ते होते, हे खरेच. परंतु सभेत टाळ्या देणे आणि तुकडीत नाव देणे यांच्यामध्ये एक रात्र असते, आणि त्या रात्री आईचे रडणे, सावकाराचा तगादा व उद्याच्या वैरणीची चिंता ही सारी वक्त्याच्या अपरोक्ष बोलत असतात.

ती रात्र कोण पार करतो? १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करण्यास शेकडो विद्यार्थ्यांनी अर्ज केले. त्याच जूनमध्ये तिघा कार्यकर्त्यांची हत्या झाली. पुढे डग मॅकॲडम या समाजशास्त्रज्ञाने ते जुने अर्ज मिळवून, निवड होऊन गेलेले आणि निवड होऊनही मागे राहिलेले अशी तुलना केली, तेव्हा ध्येयवादात दोघे जवळजवळ सारखेच निघाले. मात्र अर्जात एक रकाना होता : तुमच्या कामाची खबर कोणाकोणास कळवावी? गेलेल्यांनी तेथे जी नावे लिहिली होती, त्यांत स्वतः जाणाऱ्यांची नावे अधिक होती. मला तो रकाना साऱ्या घोषणापत्रांहून बोलका वाटतो. तालमीतला सोबती तुकडीत असला की घरी राहण्याचीही किंमत पडते, कारण उद्या पारावर त्याच्याच बापाला तोंड दाखवायचे असते. १९१४ साली अमरावतीत निघालेल्या हनुमान आखाड्यासारख्या संस्थांकडे मी याच दृष्टीने पाहतो. तेथे दंडाबरोबर भीडही कमावली जाते.

मॅकॲडमने सवडीचाही विचार केला आहे, आणि एप्रिलात वेचणी संपून, खळी उठून कोरडवाहू शेतकऱ्याचे हात मोकळे असतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको. येथवर हिशेब जुळतो. पण त्याच वर्षीच्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह आरंभिला, तो ऐन निंदण-डवरणीच्या दिवसांत, आणि तरी माणसे गेली! येथे सवडीचा सिद्धांत लंगडा पडतो. माझा तर्क असा की, मीठ लागे चिमूटभर आणि गवत लागे भाराभर. गुरे बाळगणाऱ्याची नाकेदाराशी गाठ रोजचीच. रात्री चोरून भारा आणणाऱ्यास कायदेभंग नवा नव्हता. नवे होते ते एवढेच की आता तोच भारा भरदिवसा, शेजाऱ्यांच्या सोबतीने आणि उजळ माथ्याने उचलावयाचा होता. अशा माणसास फक्त बोलावणे पुरते.

पत्रलेखकांचा दुसरा प्रश्न, जमावात पहिला दगड कोण उचलतो, हा ल बाँबरोबरच घेऊ. पुढच्या आठवड्यात की त्याच्याही पुढच्या, हे आजच कबूल करीत नाही.