इथे चालतं, तिथे अडतं

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मीटर, पॅनेल बनवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. त्यातल्याच एकात मोजणीच्या नोंदी वाचणारा सी भाषेतला प्रोग्राम विंडोजच्या पीसीवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता. पीसी काढून लिनक्सवाला एआरएम बोर्ड बसवायचा ठरला आणि गाडी अडली.

पहिला अडथळा किरकोळ. कोडमध्ये हेडर फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने, डिस्कवर स्मॉल. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. त्यानंतर ‘लाँग’ हा पूर्णांकाचा टाइप: विंडोजवर ४ बाइटचा, ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटचा. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना आकडे भलतेच येऊ लागले. १९९९ च्या सी प्रमाणकाने ठरावीक रुंदीचे टाइप दिले आहेत. ते वापरल्यावर हे मिटलं.

मग प्रोग्राम संपेचना.

‘गेटसी’ फंक्शनने आलेला बाइट ‘चार’ (char) टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला जात होता. फाइल संपल्याची खूण म्हणजे उणे एक. ‘चार’ला उणे चिन्ह असावं की नाही, हे प्रमाणकाने कंपायलरवर सोडलंय. पीसीवर ते होतं, एआरएमवर नव्हतं. उणे एकचे झाले २५५ आणि लूप फिरतच राहिला. खरं तर चूक पीसीवरही होती: नोंदीत २५५ हा बाइट आला असता, तर वाचन मधेच थांबलं असतं. ‘चार’च्या जागी ‘इंट’ लिहिलं, काम झालं.

“कंपायलर बोंबलला नाही का रे?” सीनियरने विचारलं. बोंबलला असता, पण मेकफाइलमध्ये सगळ्या वॉर्निंग बंद केलेल्या होत्या! त्याच मेकफाइलमध्ये सोडून गेलेल्या कुणाच्या तरी होम फोल्डरचा पाथ होता आणि कोडभर ‘विंडोज असेल तर’च्या अटी पसरलेल्या.

डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या बिल्डच्या साधनाची रीत अशा अटींपेक्षा वेगळी: सिस्टिमचं नाव विचारू नका, हवं ते फंक्शन आहे का ते बघा. त्यासाठी चिमुकला प्रोग्राम कंपाइल करून पाहायचा आणि निकाल एका हेडरमध्ये नोंदवायचा. सीमेक या दुसऱ्या साधनातही हे जमतं. मात्र बोर्डासाठीचं बिल्ड पीसीवर करताना तो प्रोग्राम चालवता येत नाही. लिंक होतो का, एवढंच बघायचं.

तुमच्याकडे दुसरा बोर्ड नसला तरी आज एवढं करा: सगळ्या वॉर्निंग चालू करा आणि जीसीसी कंपायलरला ‘चार’ बिनचिन्हाचा धरायला सांगून एकदा पूर्ण बिल्ड करा.