‘डीजे’: यंत्र, आज्ञावली आणि संकेत

बुलढाणा जिल्ह्यातील वरातींत ‘डीजे’ हा शब्द वादकापेक्षा ध्वनियंत्रणेलाच अधिक लावला जातो. व्यक्तिवाचक शब्दाचे असे वस्तुवाचक होणे हे लक्षणेचे उदाहरण होय. त्या यंत्रणेच्या अंतरंगातही प्रश्न संकेताचाच आहे.

स्वयंपूर्ण डीजे-यंत्र संगणकाविना यूएसबीवरील गाणी वाजविते. तेच यंत्र सेराटो, व्हर्च्युअल डीजे अशा अन्य निर्मात्याच्या आज्ञावलीस जोडले, की गाणे संगणकात चालते. यंत्र प्रामुख्याने हाताच्या हालचाली कळविते. त्यासाठी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मिडी’ संकेत पुष्कळदा वापरतात. त्याच्या साध्या संदेशात मूल्ये ० ते १२७ एवढीच. कोणत्या संदेशाने कोणती क्रिया घडावी, हे आज्ञावलीतील जुळणी ठरविते; चिन्ह व अर्थ यांचा संबंध येथेही यादृच्छिकच. जुळणी नसेल, तर कळ दाबूनही काही घडत नाही.

शिवाय गाण्यांतील प्रवेशस्थाने व तालखुणा प्रत्येक आज्ञावली आपल्याच पद्धतीने नोंदविते. रूपांतराविना त्या इतरत्र सहसा वाचता येत नाहीत. भर वरातीत संगणक बंद पडला, तर यंत्र एकटे वाजू शकते खरे. परंतु गाणी यूएसबीवर आणि खुणा यंत्राच्या लिपीत आधीच उतरविलेल्या असाव्या लागतात. यंत्राची स्वयंपूर्णता, तात्पर्य, या पूर्वतयार भाषांतरावर अवलंबून असते.