डोंगरगावातील नेमबाजी मंडळ

मार्च २०२१ मध्ये अरुणाचल प्रदेशातील पूर्व कामेंग जिल्ह्यात, लुमडुंग या गावी एक आगळा समारंभ झाला. गावकऱ्यांनी आपल्या घरांतील छऱ्याच्या बंदुका आपण होऊन शासनाच्या स्वाधीन केल्या. पुढे ही मोहीम राज्याच्या इतर भागांतही पोचली. तिचे कारण साधे होते. पक्ष्यांच्या विविधतेसाठी विख्यात असलेली ती अरण्ये हळूहळू मुकी होऊ लागली होती, आणि ज्या हत्याराकडे थोरमंडळी मुलांचे खेळणे म्हणून पाहत आली होती, त्याचाच त्यात मोठा वाटा होता.

डोंगराळ मुलखात बंदुकीचे आकर्षण फार जुने आहे. रान दाराशी, पाखरे अंगणात आणि हिवाळ्याचे दिवस रिकामे, अशा स्थितीत पोराच्या हाती छऱ्याची बंदूक आली की ती कोणाकडे वळणार हे सांगावयास ज्योतिषी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार दंडनीय ठरविली आहे. परंतु कायद्याचा हात दरीपलीकडच्या वाडीपर्यंत दरवेळी पोचतोच असे नाही. बंदुका परत करणे हा उत्तम मार्ग खरा. पण ज्या घरी ती ठेवावयाचीच आहे, त्या घरच्या मुलाला पाखराऐवजी दुसरे लक्ष्य देता येईल काय, या प्रश्नाचाही विचार झाला पाहिजे. दहा मीटरांवर टांगलेला कागदाचा तुकडा हे त्याचे एक चांगले उत्तर आहे.

हा विचार नवा नाही. आल्प्स पर्वतातील टिरोल प्रांतात सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने १५११ साली एक सनद दिली आणि प्रांताच्या रक्षणाचा भार तेथील रहिवाशांवरच सोपविला. त्यातून गावोगावची नेमबाज मंडळे वाढली. युद्धाचे प्रयोजन केव्हाच सरले, मंडळे मात्र टिकली. आजही तिकडे कितीतरी खेड्यांत अशी मंडळे आहेत. आपल्याकडेही डोंगराने नेमबाज दिलेच नाहीत असे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार हिमाचलातील हमीरपूर जिल्ह्याचे, तर २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकणारे स्वप्निल कुसाळे हे सह्याद्रीच्या कुशीतील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. एकाची स्पर्धा पिस्तुलाची, दुसऱ्याची पन्नास मीटरांच्या रायफलीची. सुरुवातीला मात्र छऱ्याच्या बंदुकीइतके स्वस्त व सोयीचे साधन दुसरे नाही.

मंडळ काढावयाचे तर पहिली अडचण जागेची. डोंगरात सपाट जमीन मिळणेच कठीण. सुदैवाने या खेळाला मैदान लागत नाही. नेमबाजाच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत बरोबर दहा मीटर, मागे उभे राहण्यास थोडी जागा, आणि प्रत्येकास साधारण एक मीटर रुंदी, एवढे मिळाले म्हणजे पुरे. हिमाचलात सफरचंदांचा हंगाम आटोपला की पेट्या भरण्याच्या शेडा ओस पडतात. उंचावरील शाळांना हिवाळ्यात लांब सुटी असते. म्हणजे जागा मोकळी आणि मुलेही मोकळी असा योग नेमका एकाच वेळी येतो. मैदानी खेळ बर्फाखाली गाडले गेलेले असताना छपराखाली चालणारा हा खेळ म्हणूनच तेथे अधिक शोभतो.

लक्ष्यामागील भिंतीकडे मात्र विशेष ध्यान द्यावे. पहाडी बांधकाम दगडाचे. दगडावर आदळलेला छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो. नुसती फळीही भरवशाची नाही, कारण कठीण लाकडावरूनही छर्रा परततो. लक्ष्यांच्या मागे वाळूची पोती भक्कम रचावीत आणि त्यांच्यापुढे जुन्या सतरंज्या वा जाड गोधड्या सैल टांगाव्यात. बाजूला दार असेल तर ते आतून अडसर घालून बंदच ठेवावे. शेळी शोधत आलेला एखादा मुलगा त्या दारातून आत डोकावणार, हे गृहीतच धरलेले बरे.

नियम थोडे असावेत, पण त्यांना अपवाद नसावा. बंदुकीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. आज्ञा होईपर्यंत छर्रा भरावयाचा नाही. पुढे कोणी गेले असेल तर बंदुकीला हात लावावयाचा नाही. खोलीतील प्रत्येकाच्या, पाहुण्यांच्याही, डोळ्यांवर चष्मा हवा. ‘थांबा’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या सभासदासही असावा आणि तो कानी पडताच सर्वांनी थांबावे. खेळ संपला की बंदुका मंडळाच्या कपाटात जातील व किल्ली जबाबदार प्रौढाकडे राहील. ‘माकडे फार झाली आहेत, आजच्या दिवस बंदूक द्या’ अशी मागणी शेजारचा बागायतदार केव्हातरी करणारच. त्याची तक्रार खरी असली तरी बंदूक देऊ नये. एकदा ती कपाटातून शेतावर गेली, की मंडळ कशासाठी काढले होते हे कोणाच्याच ध्यानी राहणार नाही.

आता खेळाविषयी. छर्रा शिशाचा, सपाट तोंडाचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे अर्ध्या ग्रॅमचा. लक्ष्याचे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरांचे, त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! छऱ्याची कड त्याला नुसती शिवली तरी पूर्ण गुण मिळतात, हा नवशिक्यास तेवढाच दिलासा. स्पर्धेची बंदूक साडेपाच किलोपर्यंत वजनाची असते; मुलांना शिकण्यासाठी हलकीच बरी.

उंचावर विरळ हवेमुळे नेम चुकतो, अशी एक समजूत आहे. सिमल्याच्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठापेक्षा सुमारे पंचमांशाने कमी असते हे खरे. पण दहा मीटरांचे अंतर छर्रा सेकंदाच्या सतराव्या हिश्श्याच्या आसपास तोडतो. तेवढ्यात पडणारा फरक शिकाऊ नेमबाजाच्या नजरेस येणार नाही. खरा शत्रू थंडी. बोटे बधिर झाली की चाप हळुवार दाबला जात नाही, झटका बसतो आणि छर्रा भलतीकडे जातो. श्वासाच्या वाफेने चष्मा धुरकटतो. स्प्रिंगच्या बंदुकीतील वंगण घट्ट होऊन तिचा जोर बदलतो. गारठलेली बंदूक एकदम उबेत आणली तर पोलादावर दव साठून गंज चढतो. म्हणून ती अगोदर आणून पुसून ठेवावी. उबेसाठी शेगडी पेटवलीच तर खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कोळशाचा वायू जिवावर बेततो.

नेमबाजीत दंडाच्या बळापेक्षा स्थैर्याला मोल अधिक. बंदुकीचा भार स्नायूंवर न घेता हाडांच्या आधारावर तोलावयाचा, अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावयाचे आणि मन शांत असतानाच चाप दाबावयाचा. म्हणून मुली येथे मुलांच्या मागे नाहीत. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये याच खेळाच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. पूर्वी स्त्रियांसाठी ४० आणि पुरुषांसाठी ६० नेमांची स्पर्धा असे. २०१८ पासून दोघांसही ६० नेम आहेत. मंडळाच्या वहीत पहिली नावे मुलींची नोंदवावीत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मागाहून त्यांना बोलावणे गावात नेहमीच अवघड जाते.

कायद्याची बाजू आरंभीच पाहावी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलहून अधिक ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीची हवाई बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. आपल्या बंदुका त्या मर्यादेच्या आत असल्या तरी जिल्हाधिकारी कचेरी व पोलीस ठाणे यांस लेखी कळवून, त्यांचे उत्तर हाती आल्यावरच जागा उघडावी. पुढे राज्याच्या रायफल संघटनेशी संबंध जोडावा. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अलीकडची पायरी समजली जाते.

प्रारंभी तीन बंदुका, दहा-बारा मुले आणि आठवड्यातून दोन दिवस एवढे पुरे. स्प्रिंगची बंदूक छऱ्यावाचून उडवल्यास तिचा दट्ट्या खराब होतो. म्हणून पहिले काही दिवस चाप न दाबता नुसते उभे राहणे व नेम धरणे शिकवावे. मुलांना ते कंटाळवाणे वाटते, पण छर्रे वाचतात. प्रत्येकाचा कागद तारीख घालून जपून ठेवावा. शिसे विषारी असल्याने खोलीत चहा-फराळ नको; जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. गोळा झालेले छर्रे बंद डब्यात भरून कुलपात ठेवावेत. वर्षअखेर ते भंगारवाल्यास देऊन पुढील हंगामाच्या कागदापुरते चार पैसे सुटतात.