अमेरिकेची निवडणूक आणि चाळीसगावचा मतदार

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात होते. पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी मतदान घ्यावे, असा कायदा तिथे १८४५ साली झाला. त्यामागचे कारण शेतीचे होते. नोव्हेंबर उजाडेपर्यंत सुगी आटोपलेली असे, थंडीने वाटा अद्याप बंद झालेल्या नसत आणि त्यामुळे शेतकऱ्याला मतदानासाठी सवड मिळे. नेमक्या त्याच दिवसांत खानदेशात कापसाची वेचणी चालू असते. चाळीसगावच्या शाळेत शिकविणारा किंवा कचेरीत कारकुनी करणारा, पण गावाकडे चार-पाच एकर काळी जमीन राखून असलेला मतदार सकाळी वर्तमानपत्रात अमेरिकेतील निकाल वाचतो आणि संध्याकाळी आज जिनिंगवर काय भाव निघाला याची चौकशी करतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. तथापि इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

१८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले. एकूण मतांपैकी चाळीस टक्केही मते त्यांना पडली नव्हती. पण अध्यक्षाची निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळात त्यांना बहुमत मिळाले. दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली, एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस याच राज्यांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत असे. तो थांबताच मँचेस्टरची नजर मुंबईकडे आणि मुंबईची खानदेश-वऱ्हाडकडे वळली. त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ चाळीसगाववरून भुसावळकडे सरकत होते. कापसाचे भाव पूर्वी कोणी ऐकले नव्हते इतके चढले. मुंबईत समभागांचा बाजार तापला, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. खेड्यातील शेतकऱ्याने ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस पेरला आणि चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून रक्कम उचलली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रे खाली ठेवली. थळ घाटाची चढण रेल्वेने जिंकून खानदेशचा माल थेट मुंबईला नेण्याची सोय केली तीही त्याच वर्षी. गाडी आली आणि तेजी गेली. जुलैमध्ये मुंबईचा बाजार कोसळला. शेटजींचे कागद मातीमोल झाले, परंतु शेतकऱ्याच्या हातचा कागद मात्र मातीमोल झाला नाही, कारण तो कर्जाचा होता. भाव उतरला, कर्ज उतरले नाही. पुणे-नगर भागात १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा त्यांची कारणे शोधणाऱ्या आयोगालाही या तेजीमंदीची दखल घ्यावी लागली. लिंकन यांना मत देणाऱ्या एकाही माणसाने खानदेशचे नाव ऐकले नसेल, आणि खानदेशातील कुणब्याला लिंकन हे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी त्याला वॉशिंग्टनमध्ये मत नव्हते, लंडनमध्ये नव्हते आणि मुंबईतही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मत आले, पण परावलंबन लगेच गेले नाही. अमेरिकेने १९५४ साली आपले शिल्लक धान्य परदेशांना सवलतीने देण्याचा कायदा केला. पी. एल. ४८० या नावाने तो भारतात घरोघर माहीत झाला. १९६६ साली देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले आणि त्यातील फार मोठा वाटा अमेरिकेचा होता. व्हिएतनाममधील बाँबफेकीवर दिल्लीने टीका केली, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे हात आखडून सोडली. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन यांनी सातव्या आरमारातील जहाजे बंगालच्या उपसागराकडे धाडली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. त्या दुष्काळात स्वस्त धान्याच्या दुकानांपुढे रांगा लावून लोकांनी परदेशी, तांबडा मिलो घरी नेला. त्याच्या भाकरीची चव ज्यांच्या तोंडी बसली, त्या पिढीला परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही.

म्हणूनच चाळीसगावचा मतदार अमेरिकेची निवडणूक केवळ तमाशा म्हणून पाहत नाही. तिची रचना समजावून घेण्याचा तो प्रयत्न करतो, आणि समजेल तसा चकित होतो. तिथे अध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचक करतात. २७० मिळाले की विजय. २००० साली अल् गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली, पण फ्लॉरिडातील ५३७ मतांच्या फरकाने बुश अध्यक्ष झाले. २०१६ सालीही अधिक मते मिळविणाऱ्या हिलरी क्लिंटन पराभूत झाल्या. सेनेटमध्ये तर प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, मग राज्य केवढेही असो. वायोमिंगची वस्ती २०२० च्या गणनेत सहा लाखांहून कमी होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या बेचाळीस लाखांहून अधिक होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढ्या लोकांच्या हाती तिथे दोन सेनेटर आहेत, हे गणित त्याला चमत्कारिक वाटते.

परंतु या चमत्कारिक गणितातच कापसाच्या भावाची एक किल्ली आहे. विरळ वस्तीच्या शेतीप्रधान राज्यांचे वजन या रचनेत वाढते. टेक्सासनंतर कापूस पिकविणाऱ्या प्रमुख राज्यांत जॉर्जियाची गणना होते. २०२० साली जॉर्जियात अध्यक्षपदाचा निकाल बारा हजारांहून कमी मतांनी लागला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच राज्यातील दोन जागांवर सेनेटमधील बहुमत ठरले. अशा ठिकाणच्या शेतकऱ्याला दुखविणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कापूस पिकविणारे शेतकरी पंचवीस हजारांच्या आसपास होते आणि त्यांना सरकारकडून वर्षाकाठी अब्जावधी डॉलर मिळत होते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने त्यांच्या सरकीसह कापसाचा आधारभाव पौंडामागे ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर नेला. भाव पडला तरी तिथला शेतकरी पेरणी थांबवीत नाही, कारण तूट भरून निघते. त्याचा माल जगाच्या बाजारात उतरतो, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात भाव दबतो आणि त्या दबावाची झळ चाळीसगावच्या खेडा खरेदीपर्यंत पोहोचते.

याविरुद्ध दाद मागता येते, हेही ब्राझीलने दाखवून दिले. त्या देशाने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, २००४ साली निकाल मिळविला आणि २००५ साली तो अपिलात टिकविला. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारत त्या खटल्यात तिऱ्हाईत पक्ष म्हणून उपस्थित होता. आपले हातही अगदी मोकळे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भारताची हमीभावाची मदत मर्यादेबाहेर जाते, असा आक्षेप अमेरिकेने २०१८ साली त्याच संघटनेत नोंदविला. तरीही मुद्दा उरतोच. शेतकऱ्याच्या वतीने भांडायला एक सरकार पाठीशी उभे राहावे लागते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या प्रश्नाने नवे रूप घेतले. अध्यक्ष ट्रम्प यांनी भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाकडून तेल घेतल्याबद्दल २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आयात शुल्क लादले. भारतीय कपड्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका. तेव्हा तिरुपूरसारख्या ठिकाणचे कारखानदार हवालदिल झाले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून दिल्लीने १८ ऑगस्टला अधिसूचना काढून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि दहाच दिवसांत ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. पण दसरा-दिवाळीत पहिली वेचणी घरात येते, तेव्हाच परदेशी गाठींना दार उघडे राहिले. कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल न्यावा तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. ज्याला देणी भागवायची आहेत तो कापूस वाळण्याची वाट पाहत नाही.

गिरणीची बाजू खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांनी अमळनेरच्या प्रताप मिलचे चांगले दिवस पाहिले, त्यांना गिरणी बंद पडणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. कापूस महाग झाला तर सूत महागते, सूत महागले तर माग थांबतो, आणि मागावरचा कामगारही कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. तेव्हा शुल्कमाफी योग्य की अयोग्य, यावर दोन मते संभवतात. मतदाराचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हा तोल सांभाळण्याचा निर्णय कोणी घेतला आणि कोठे घेतला?

येथे दोन्ही देशांत एक विलक्षण साम्य आढळते. अमेरिकेच्या राज्यघटनेने कर आणि आयात शुल्क बसविण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे; परंतु ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन तो स्वतःच वापरला. भारतात १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने सरकारला अधिसूचनेद्वारे शुल्क माफ करण्याची मुभा आहे आणि ती वापरली गेली. संसदेचे पावसाळी अधिवेशन त्या वेळी चालू होते. ते २१ ऑगस्टला संपले. अशा अधिसूचना पुढे सभागृहासमोर ठेवल्या जातात हे खरे, पण तोवर निर्णय अमलात आलेला असतो आणि माल बंदरात उतरू लागलेला असतो. तिकडे एका सहीने तिरुपूरचा व्यापार अडला, इकडे एका सहीने खानदेशच्या कापसाचे कुंपण निघाले. दोन्ही सह्यांपूर्वी कोणत्याही सभागृहात मतदान झाले नाही.

मात्र यानंतर दोन्हीकडे जे घडले, त्यात फरक आहे. अमेरिकेत खेळणी आणि मद्य यांचा व्यवहार करणारे छोटे व्यापारी आपल्या अध्यक्षाविरुद्ध न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतले. त्यांचा मुद्दा साधा होता: कर बसवायचा असेल तर तो आमच्या प्रतिनिधींनी बसवावा. ज्या राष्ट्राचा जन्मच प्रतिनिधित्वावाचून लादलेल्या कराच्या वादातून झाला, त्याला हा मुद्दा नवा नाही. इकडे सभा झाल्या, निवेदने दिली गेली, वर्तमानपत्रांत मथळे आले आणि वेचणी संपता संपता सारे शांत झाले. निवडणूक आली की प्रचार जातीवर, माणसांवर आणि पक्षफुटीवर चालतो. कापसाच्या शुल्काबाबत तुमची भूमिका कोणती, असे उमेदवाराला भर सभेत विचारणारा विरळाच.

चाळीसगावच्या मतदाराने अमेरिकेच्या राजकारणातून घ्यावयाचा धडा हा आहे. तिथला अध्यक्ष बरा की वाईट, यावर त्याने चहाच्या दुकानात कितीही वाद घातला तरी जॉर्जियातील एक मत इकडचे तिकडे होणार नाही. पण जॉर्जियातील शेतकरी आपल्या मताची किंमत कशी वसूल करतो, हे पाहण्यासारखे आहे. कापसाचा भाव हा तो निवडणुकीचा प्रश्न बनवितो, प्रतिनिधीला त्यावर बोलावयास लावतो आणि कायद्यात आकडा लिहून घेतो. १८६१ मध्ये खानदेशच्या शेतकऱ्यापाशी यातले काहीच नव्हते. आज जळगाव लोकसभा मतदारसंघातील प्रत्येक प्रौढ माणसाजवळ एक मत आहे आणि ते वायोमिंगच्या मतासारखे जड वा हलके नाही, सर्वांइतकेच आहे.

शुल्काचे आकडे पुढेही चढतील-उतरतील, वॉशिंग्टनमधील माणसे बदलतील. कापसावरील शुल्क हंगामाच्या तोंडाशी बदलायचे असेल तर त्याची चर्चा आधी लोकसभेत व्हावी, एवढी मागणी करण्यासाठी मात्र कोणालाही अमेरिकेत मत असण्याची गरज नाही. ते चाळीसगावात आहे. ते वापरण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ झाले.