दमसास मोजायचा कसा?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जिल्ह्याजिल्ह्यातील मैदाने पहाटेच फुलून जातात. शाळेचे पटांगण, बायपासचा रस्ता, धरणाची भिंत. जागा मिळेल तेथे मुले-मुली धावत असतात. अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणीला एकूण ५० गुण आहेत. त्यांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर व मुलींच्या ८०० मीटर धावण्याला, आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक यांना प्रत्येकी १५. साहजिकच प्रत्येकाचे लक्ष घड्याळावर असते. ‘आज किती मिनिटे लागली?’ एवढाच प्रश्न. पण वेळ सुधारत का नाही, आणि आपले शरीर हा ताण सोसायला तयार आहे का, हे कोणी मोजत नाही. वास्तविक ते मोजता येते, आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत.

आधी थोडे शरीराविषयी. १०० मीटर धावताना स्नायू आपल्याजवळच्या शिलकीवर काम भागवतात. प्राणवायू येईपर्यंत थांबायला तेथे सवड नसते. १६०० मीटरचे तसे नाही. पाच-सहा मिनिटांच्या या धावण्यातील बहुतांश शक्ती प्राणवायूच्या मदतीने तयार होते. फुप्फुसांनी हवा घ्यायची, रक्तातील हिमोग्लोबिनने प्राणवायू उचलायचा, हृदयाने तो पोहोचवायचा आणि स्नायूंनी वापरायचा. ही साखळी जास्तीत जास्त किती प्राणवायू पुरवू शकते, यालाच कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता किंवा ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. दर किलो वजनामागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर, असे तिचे माप असते. बेताचा व्यायाम करणाऱ्या तरुणात हा आकडा ४० च्या आसपास, तर लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूत ७० च्या वर आढळतो.

ही कल्पना १९२०च्या दशकात इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी मांडली. पाठीवर पिशवी बांधून ते स्वतःच धावत आणि उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करीत. आज प्रयोगशाळेत सरकत्या पट्ट्यावर धावायला लावतात, तोंडावर मुखवटा असतो आणि वेग किंवा चढ वाढवत माणूस थकेपर्यंत मोजणी होते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी खेळाडूंसाठी अशी सोय आहे. तालुक्याच्या मुलाला ती कोठून मिळणार?

यावर तोड काढली अमेरिकी हवाईदलातील डॉ. केनेथ कूपर यांनी. हजारो सैनिकांना प्रयोगशाळेत आणणे शक्य नव्हते, म्हणून १९६८ मध्ये त्यांनी साधी युक्ती सुचवली : बारा मिनिटांत जमेल तितके अंतर धावा आणि ते अंतर मोजा. प्रयोगशाळेतील आकड्याशी हे अंतर चांगलेच जुळते, असे त्यांना दिसून आले होते. (ब्राझीलमध्ये ही चाचणी इतकी रुजली की तेथे सकाळच्या धावण्यालाच लोक ‘कूपर’ म्हणू लागले!) हिशेब असा : मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करायचे आणि उरलेल्याला ४४.७३ ने भागायचे. ४०० मीटरच्या मैदानाच्या सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर झाले, तर उत्तर येते सुमारे ४२. सात फेऱ्या झाल्या, तर ५१. मैदान मात्र टेपने मोजलेले असावे. पावलांनी मोजलेल्या ‘दोनशे मीटर’च्या फेरीत पाच-दहा मीटरची चूक सहज राहते आणि मग सगळाच हिशेब फसतो.

पाऊसपाण्यामुळे मैदान नसेल, तर हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेली पायरीची चाचणी घरच्या ओट्यावरही होते. पायरी २० इंच उंच हवी. दोन सेकंदांत एकदा चढ-उतार, म्हणजे मिनिटाला तीस वेळा, असे पाच मिनिटे. मग खाली बसावे. एक मिनिट विश्रांती झाल्यावर ३० सेकंद नाडीचे ठोके मोजावेत. तसेच दोन मिनिटांनी आणि तीन मिनिटांनी. नाडी तर्जनी व मधल्या बोटाने पाहावी, अंगठ्याने नव्हे, कारण अंगठ्याचे स्वतःचे ठोके फसवतात. समजा, ठोके ७५, ६० आणि ५० आले. बेरीज १८५, तिची दुप्पट ३७०. पाच मिनिटांचे ३०० सेकंद गुणिले १००, म्हणजे ३०,०००. त्याला ३७० ने भागले की ८१. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशीच्या घरात चांगले, ५५ च्या खाली असेल तर दम कमी. येथे आपण पाहतो ते हृदय किती लवकर शांत होते हे. उंची कमी असलेल्या मुलींना २० इंचांची पायरी जड जाते. त्यांनी १६ इंचांची घ्यावी आणि पुढील तुलना स्वतःच्याच आकड्याशी करावी.

आकड्याचे वेड मात्र नको. अमेरिकेचे दोन नामांकित धावपटू पाहा. स्टीव्ह प्रीफाँटेन यांची क्षमता ८४ च्या आसपास मोजली गेली, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारे फ्रँक शॉर्टर यांची ७१. तरीही तीन मैलांच्या धावण्यात दोघांच्या सर्वोत्तम वेळेत एका सेकंदाचाही फरक नव्हता! कारण कमी प्राणवायूत जास्त वेग काढण्याची धावण्याची काटकसर आणि वरच्या वेगाला टिकून राहण्याची ताकद या गोष्टी त्या एका आकड्यात येत नाहीत. मनगटावरची नवी घड्याळे हा आकडा दाखवतात, तोही अंदाजच असतो.

आमच्या मते, आपल्याकडच्या मुलींसाठी सर्वांत उपयोगी चाचणी वेगळीच आहे : हिमोग्लोबिनची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्राणवायू उचलणारी हमालमंडळीच कमी असतील, तर फेऱ्या वाढवून काय होणार? हिमोग्लोबिन १२ च्या खाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आणि आहार आधी, वेग नंतर. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील इतर काही भागांत सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी. या आजाराचा केवळ वाहक असलेला तरुणही एरवी निरोगी असतो. परंतु उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने धावला तर त्याला धोका संभवतो.

हा धोका कागदावरचा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडात दहा किलोमीटरच्या भरतीत दहाहून अधिक तरुण गेले. म्हणून धावताना छातीत दुखले असेल, कधी भोवळ येऊन पडला असाल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर चाचणी देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून हृदयाचा आलेख काढून घ्या. ताप अंगात असताना किंवा नुकताच उतरला असताना जोर लावून धावू नका.

चाचणी चार ते सहा आठवड्यांनी एकदा पुरे, त्याच मैदानावर, त्याच वेळी, जेवणानंतर किमान दोन-तीन तासांनी आणि शक्यतो सकाळच्या गारव्यात. सोबत एक जण हवाच. धावणारा बरळू लागला, अडखळू लागला किंवा अंग तापून कोसळला, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि एकीकडे १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका.